भाऊ गाडी पाहतात

यवतमाळ जिल्ह्यात कापसाचे चुकारे हाती पडले आणि त्याच वर्षी घरात लग्न, बाळंतपण किंवा माहूरचा नवस निघाला, की मोठ्या गाडीचा विषय हमखास निघतो. सात जण बसतील अशी पाहिजे. नवी परवडत नाही, म्हणून जुनी. आणि जुनी म्हटलं की ओसरीवरून कुणीतरी बोलतंच, "आधी भाऊले दाखवा."

असा भाऊ दर तालुक्याला एक तरी असतो. वणीचा वेगळा, पुसदचा वेगळा, दारव्ह्याचा वेगळा; पांढरा शर्ट आणि खिशातला टेस्टर मात्र सगळ्यांचा सारखा. भाऊ मेकॅनिक नसतात. दलाल तर नसतातच, आणि तसं कुणी चुकून म्हटलं तर भरल्या ताटावरून उठतात. कुणाचं कृषी केंद्र असतं, कुणी झेडपीतून निवृत्त झालेला असतो. स्वतःकडे बहुधा मोटारसायकलच. पण त्यांनी मान हलवल्याशिवाय गावात चारचाकी येत नाही.

त्यांची मतं ठाम असतात, फक्त ती बदलतात. क्वालिस 2005 साली बंद करायला नको होती, हे दुःख अजून ताजं आहे. ओम्नी 2019 मध्ये थांबली तेव्हा भाऊंनी घरातलं माणूस गेल्यासारखा चेहरा केला होता. टवेराची कंपनीच 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवून गेली, तरी "स्पेअर भेटते बाप्पा, कायले घाबरता" हे चालूच. एर्टिगा 2012 साली आली तेव्हा "हे चालत नाही आपल्या रोडवर" असं यांनीच सांगितलं होतं. आता तेच सांगतात, डोळे मिटून एर्टिगा घ्या.

स्वतः मात्र डोळे मिटत नाहीत. गाडी पाहायला भाऊ सकाळी सातलाच जातात, मालकाला न कळवता. पोचल्याबरोबर बॉनेटवर पालथा हात ठेवतात. गरम लागलं तर तिथूनच परत. "आधीच सुरू करून ठेवली म्हणजे काहीतरी झाकाचं हाय." थंड इंजिन सुरू झालं की पाठीमागे उभे राहून धूर पाहतात: निळसर असेल तर ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरतंय. मग दाराचं रबर ओढून खालचे वेल्डिंगचे ठिपके पाहणं, काचांवरची सालं जुळवणं, टायरवरच्या चार आकड्यांतून आठवडा आणि वर्ष काढणं. मीटरवर चाळीस हजार आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, असं दिसलं की भाऊ नुसतं हसतात. मालकाला घाम फुटतो.

कागदांतही ते कच्चे नाहीत. बँकेचा बोजा उतरला का, फॉर्म 35 कुठंय, 29 आणि 30 वर सह्या झाल्या का, चलान किती थकलंय, गाडी आधी टॅक्सी पासिंग होती का. एमएच-29 सोडून दुसरं पासिंग दिसलं की तोंड वाकडं होतं. पुण्याची गाडी म्हणजे क्लच गेला, मुंबईची म्हणजे पत्रा गंजला, हा त्यांचा भूगोल.

या सगळ्या तपासणीत एका गोष्टीला भाऊंचा हात कधी लागत नसे: मागच्या सीटचे पट्टे.

ते उघडकीला आलं आर्णी रोडवरच्या एका घरी. 2016 ची एर्टिगा. भाऊंनी पास केली, पाच हजार कमी करून घेण्यात दोन तास घालवले, चहा तीनदा झाला. तेवढ्यात त्या घरची सून बाहेर आली. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. कडेवर वर्षाची लेक, दहा किलोची. तिने सरळ मधल्या सीटच्या फटीत हात घातला. टॉवेलच्या कव्हराखालून आधी शेंगदाण्याची टरफलं निघाली, मग माहूरच्या प्रसादाची पुडी, एक रुपयाचं नाणं, आणि सगळ्यात शेवटी पट्ट्याचं बक्कल. पट्टा थोडा ओढून तिने झटका दिला. अडकला. दुसऱ्या बाजूचा ओढला, तो अडकलाच नाही. लोळत बाहेर आला. मधल्या जागेला तर नुसता कमरेपुरता.

"काकाजी, हा बदलून पाहिजे. लेकराची सीट यालाच बांधायची आहे."

"सीट? गाडीत सात सीटा हायेत न सूनबाई."

तिने चाइल्ड सीट म्हणजे काय ते सांगितलं. भाऊंना तो मातृत्वाचा अपमान वाटला. "मायच्या मांडीहून मजबूत काय असते? आम्ही कमांडर जीपच्या टपावर बसून मोठे झालो." (जे मोठे झाले तेच हे सांगायला उरतात, पण हे भाऊंना कोण सांगणार.)

सून म्हणाली, "जिनिंगमधली रुईची गठाण किती किलोची असते, काकाजी?"

"एकशे सत्तर."

"ताशी पन्नासच्या वेगातली गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर ही पोरगी त्या क्षणाला दोनशे किलोच्या जोराने पुढे जाते. धरता?"

भाऊ गठाणी पाहिलेला माणूस. ते काही बोलले नाहीत. कायदाही आहे, चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट नसेल तर कलम 194-बी खाली हजार रुपये दंड, हे तिने सांगितलं. त्यावर मात्र "आपल्याकडे कोण पकडते" हे उत्तर तयार होतं.

ती सीट आली तेव्हा भाऊ हजर होते. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न, "सेकंड हँड नाही भेटत का?" गाडी जुनी चालते, पण कुणाच्या अपघातातून आली माहीत नसलेली सीट चालत नाही, हे ऐकून त्यांची आयुष्यभराची अर्थनीती हलली. लेकराचं तोंड मागच्या काचेकडे, हे पाहून तर हसलेच. पण बांधताना त्यांच्यातला जाणकार जागा झाला. सीटवर गुडघा रोवून पट्टा ताणला, बुडाशी धरून हलवून पाहिली, "इंचभरही सरकत नाही" म्हणून जाहीर केलं. खांद्यावरचा पट्टा चिमटीत येतोय का तेही पाहिलं. चिमटीत आला म्हणजे ढिला. दुसऱ्या दिवसापासून हे सगळं भाऊंचंच संशोधन झालं.

आता ते इंजिनाआधी मागचे पट्टे ओढतात. 2018 च्या शेवटी आलेली नवी एर्टिगा असेल तर फटीत बोटं घालून आयसोफिक्सच्या कड्या शोधतात आणि मालकालाच विचारतात, "हे काय हाय, माहीत हाय का?" समोर एअरबॅग असेल तर उलट्या तोंडाची सीट पुढे ठेवायची नाही, हे रागावून सांगतात. परवा घाटंजीला जाताना त्यांनी एका तरुण बापाला गाडी थांबवायला लावून लेकराचा पट्टा पुन्हा आवळायला लावला.

भाऊ स्वतः ड्रायव्हरच्या शेजारी होते. पट्ट्याचं टोक मांडीवर धरून, बक्कल न लावता. बापाने भीत भीत विचारलं.

"मी का लेकरू हाय?" भाऊ म्हणाले. "चाल, घे गाडी."