भाचा नावाचं ॲप

मोबाइलची परीक्षणं करणारी मंडळी पांढऱ्या भिंतीपुढे बसतात आणि खोक्याचं झाकण इतक्या हळुवार हाताने उचलतात की आत बाळ झोपलंय की काय असं वाटावं. आमच्याकडे ती सोय नाही. माझ्या फ्लिपच्या फोनचं परीक्षण कामण नाक्यावर, चहाच्या बाकड्यावर बसून करावं लागलं. समोर चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता, त्यावरून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर, आणि कंटेनर गेला की चहावर बसणारी धूळ. याहून निष्पक्ष जागा मिळायची नाही, कारण इथे कुठलीच कंपनी परीक्षणासाठी फुकट फोन पाठवत नाही.

आधी पडण्याची चाचणी. कंपन्या म्हणे प्रयोगशाळेत फोन उंचावरून टाकून बघतात. उगाच खर्च! फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवावा आणि पावसाळ्यात रिक्षाने अंजूरफाट्याकडे निघावं. माझा पडला. झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे, उरलेला ऐवज सीटखाली. तिन्ही गोळा करून जोडले, तर पठ्ठ्या सुरू! सुरू होताच त्याने आजची तारीख विचारली. त्यात त्याचं काही चुकलं नाही. या रस्त्याच्या दुरुस्तीची तारीख आम्हीही कधीपासून विचारतोय.

कॅमेरा ०.३ मेगापिक्सेल. त्याने तुंगारेश्वराचा डोंगर टिपला, मग कामणदुर्ग टिपला. दोन्ही वेळा तेच करडं ढेकूळ आलं. घरच्या कार्यात ग्रुप फोटो काढला, त्यात साडू कोणता आणि विजेचा खांब कोणता हे शेवटपर्यंत ठरलं नाही. साडूला अजून सांगितलेलं नाही.

बॅटरी इतकी टिकते की चार्जर कुठे ठेवला ते विसरायला होतं. अपडेट मात्र येत नाहीत. आमच्या पत्त्याला तेवढे दोन आले. ३ जुलै २००९ ला वसई-विरार शहर महानगरपालिका झाली आणि १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून निघून पालघर जिल्हा झाला. दोन्ही अपडेटनंतर कागदांवरचा पत्ता नवा दिसू लागला. बाकी यंत्रणा पूर्वीच्याच वेगाने चालते.

फोन फटकन मिटता येतो, हा त्याचा खरा गुण. नाक्यावर मी बोलणं संपवून फोन मिटला की चहावाला हळूच विचारतो, ‘जागेचा व्यवहार फिसकटला का?’ आमच्या पट्ट्यात गाळे आणि जमिनी यांखेरीज कोणी इतक्या जोरात फोन बंद करत नाही. प्रत्यक्षात घरून दही आणायला सांगितलेलं असतं. पण या आवाजाने गावात माझ्याबद्दल जो आदर निर्माण झालाय, तो काचेच्या फोनवर अंगठा घासून झाला नसता.

आदरावरून आठवलं. घडीच्या फोनची इज्जत फोनवर नसून बाळगणाऱ्याच्या पिनकोडवर ठरते. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा; ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना केलेला. पुढच्याच वर्षी मोटोरोलाने स्टारटॅक हा मिटणारा फोन आणला. त्या काळी आपल्याकडे येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. त्यामुळे खिशात फोन वाजला की मोठी माणसंसुद्धा नंबर बघून कॉल कापत आणि एसटीडी बूथकडे धावत. २००४ मध्ये त्याच कंपनीचा रेझर आला, तेव्हा तो कमरेला लावणारा इसम एकतर बिल्डर असायचा किंवा बिल्डरचा मेव्हणा. मग सगळे फोन सपाट झाले, आणि मिटणारा फोन जुन्या सिनेमातल्या खलनायकाकडे उरला. पुढे कंपन्यांनी पंधरा वर्षं डोकं खाजवून शोध लावला की फोन मिटता येतो! २०२० च्या फेब्रुवारीत सॅमसंगचा झेड फ्लिप भारतात आला १,०९,९९९ रुपयांना. पाठोपाठ मार्चमध्ये मोटोरोलाचा नवा रेझर, १,२४,९९९. या मंडळींची काचच वाकते, आणि वाकते तिथे सुरकुती दिसते. आमची काच वाकत नाही, वाकते ती बिजागरी. बिजागरीवरच्या आमच्या गरीब शाखेत २०२२ मध्ये नोकियाचा २६६० फ्लिप आला ४,६९९ ला, आणि २०२४ मध्ये आयटेलचा फ्लिप वन २,४९९ ला. माझा यांतला की तिसराच, हे सांगत नाही. सदराला जाहिरात म्हणायला लोक टपलेलेच असतात.

तर पिनकोड. हाच फोन वांद्र्याच्या कॅफेत टेबलावर ठेवा, शेजारचा खुर्ची ओढून विचारेल, ‘वा, डिजिटल डिटॉक्स?’ कामणला ठेवा. शेजारचा आवाज खाली आणून विचारेल, ‘काका, पैशाची काही अडचण आहे का?’ दुकानदाराने तर काउंटरखालून फोन काढतानाच स्वतःचं समाधान करून घेतलं होतं: ‘आजोबांसाठी नेताय ना?’ मी हो म्हणालो. वाद कोण घालणार?

आता ॲप. लोकांना वाटतं या फोनवर ॲप नसतात. असतात, फक्त ती फोनच्या बाहेर असतात, चालतीबोलती असतात आणि त्यांना चहा लागतो. कामण रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर. गाड्या मोजक्या. एक चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावरची माणसं एकमेकांची सोयरीक जुळवू शकतात. गाडी कुठवर आली ते फोनवर दिसतं म्हणे. मी भाच्याला फोन लावतो. तो अंधेरीत आपल्या साहेबासमोर बसलेला असतो. टेबलाखाली बघून कुजबुजतो, ‘मामा, जूचंद्र सोडलं.’ मी फोन मिटतो आणि पिशवी उचलतो. आजवर एकाही ॲपने साहेबाची बोलणी खाऊन मला गाडी पकडून दिलेली नाही.

पाण्याच्या टँकरची बातमी इमारतीच्या ग्रुपवर येते. माझा तो ग्रुप म्हणजे समोरच्या वहिनी. ग्रुपवर फक्त ‘टँकर आला’ एवढंच येतं. वहिनींच्या आवृत्तीत टँकर किती भरलेला होता, कोणी किती हंडे जास्त नेले आणि त्यावरून कोणाचं कोणाशी बोलणं बंद झालं हेही कळतं. शुभ सकाळचे गुलाब त्या स्वतःच गाळून टाकतात. अशी गाळणी कुठल्या कंपनीने काढली तर मी पहिला गिऱ्हाईक.

पैशांचं तेवढं अडतं. ८ मार्च २०२२ ला रिझर्व्ह बँकेने साध्या फोनवाल्यांसाठी यूपीआय १२३पे सुरू केलं. ध्वनिमुद्रित आवाजाशी बोलून, मिस्ड कॉल देऊन, आवाजाच्या लहरींनी वगैरे मिळून चार वाटा ठेवल्या. पुढे मर्यादाही पाच हजारांवरून दहा हजारांवर नेली. योजना नेक. मी किराणा दुकानात ती वापरायला काढली. पलीकडची बाई मधाळ आवाजात म्हणाली, पैसे पाठवण्यासाठी एक दाबा. दाबला. मागे रांग वाढू लागली. पुढचं दाबा. दाबलं. रांगेतल्या एका सद्गृहस्थाने, मला ऐकू जाईल अशा बेताने, ‘घरी दाबून यायचं ना’ अशी सूचना केली. शेवटी दुकानदारानेच हात जोडले आणि वहीत लिहून ठेवलं. उधारीची ती वही एका झटक्यात उघडते, तिला पिन लागत नाही आणि सर्व्हर डाऊन होत नाही.

पण माझी खरी करमणूक सरकार करतं. प्रत्येक नागरिकाला निदान एक भाचा असतो, हे सरकारने मनाशी धरून ठेवलेलं आहे. एप्रिल २०२० मध्ये करोनासाठी आरोग्य सेतू आलं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की देशात बटणांचे फोनही आहेत. मे महिन्यात आमच्यासाठी १९२१ हा नंबर निघाला. मिस्ड कॉल द्यायचा, की उलट फोन येऊन तब्येतीची चौकशी होई. सरकारने आपणहून मला फोन करून ‘कसे आहात’ विचारलं, अशी ती आयुष्यातली एकमेव वेळ. मी बरा होतो हे सांगताना वाईट वाटलं.

१५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी चावडीत बसल्या बसल्या शेतात काय पिकलंय ते लिहितो, अशी तक्रार असे. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो काढायचा, म्हणजे सातबाऱ्यावर नोंद होणार. स्वातंत्र्यदिनी मिळालेलं हे दुसरं स्वातंत्र्य. त्याचं दृश्य असं: शेतकरी भातात उभा, भाचा बांधावर उभा आणि रेंज डोंगरापलीकडे उभी. त्याच महिन्यात राज्यभरच्या अंगणवाडी सेविका सरकारने दिलेले स्मार्टफोन सरकारलाच परत करायला निघाल्या होत्या. फोन निकृष्ट, तापतो, अडकतो, आणि पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरायची इंग्रजीत. सरकारी यंत्रणेला तिचा स्वतःचाच फोन झेपेना, तिथे शेतकऱ्याने काय करावं? भाचा पाळावा.

रोजगार हमीवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी ॲपवर सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो. जुलै २०२५ मध्ये केंद्रानेच राज्यांना कळवलं की काही ठिकाणी फोटोचाच फोटो काढून चढवला जातोय. पारदर्शकता इतकी वाढली की तिच्यातून भ्रष्टाचार आरपार दिसू लागला! माझ्या फोनवर हा उद्योग जमला नसता. पहिल्याच फोटोत माणसं विजेच्या खांबांना मिळालेली असतात, दुसऱ्यात खांबही उरले नसते.

आणि ओटीपी. ओटीपीपुढे मी हात जोडतो, कारण या देशात समता पाळणारी तेवढी एकच वस्तू उरली आहे. लाखाचा फोन असो की अडीच हजारांचा, ओटीपी आला की तो दोघांकडेही साध्या एसएमएसने येतो आणि दोघांनाही सारख्याच घाईने मरून दाखवतो. काही काळ कोणालाही फोन लावला तरी आधी अमिताभ बच्चन सायबर फसवणुकीपासून सावध करत. माणूस पायरीवरून पडून मदतीला फोन लावत असला तरी आधी बच्चनसाहेब पुरते ऐकावे लागत. लोक वैतागले आणि जून २०२५ मध्ये ती धून थांबली. सप्टेंबरमध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली. बहिणीच्या आधारवर ओटीपी, शिवाय पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी. म्हणजे इशारा थांबला आणि मागणी सुरू झाली.

आमची ही सरकारची लाडकी बहीण, म्हणजे नात्याने सरकार माझा मेव्हणा. मेव्हण्याने दाजींकडे ओटीपी मागितला तर नाही कसं म्हणायचं? पण वेबसाइट माझ्या फोनवर उघडेना. ती भाच्याने अंधेरीत उघडली. तिथून तो ओरडतोय, ‘मामा, ओटीपी सांगा!’ इकडे माझ्या फोनने जाहीर केलं, मेमरी भरली. बाहेरच्या पडद्यावर वेळ दिसतेय, आतल्या पडद्यावर मी २०२३ पासूनच्या कर्जाच्या जाहिराती एकेक करून खोडतोय, शेजारी सरकारची बहीण माझ्याकडे सरकारी नजरेने बघतेय. ओटीपी आला तेव्हा मुदत संपलेली. पुन्हा मागवला. या वेळी आला, सांगितला, जमलं. त्याच्याच खाली बँकेचा जुना संदेश होता: ओटीपी कोणालाही सांगू नका. भाचा ‘कोणालाही’मध्ये मोडतो का, याचा खुलासा त्यात नव्हता.

हे वाचून कोणी म्हणेल, मग घ्या की स्मार्टफोन. माझ्या मजल्यावर स्मार्टफोनवाले कमी नाहीत. ई-केवायसीच्या दिवशी ते काय करत होते ते मी दारात उभं राहून पाहिलंय. प्रत्येकजण आपला वीस हजारांचा फोन कोणाच्या तरी पोरापुढे धरून म्हणत होता, ‘बाळा, एवढं बघ ना.’ काम त्यांचंही भाचाच करतो, माझंही भाचाच करतो. त्यांनी मध्ये वीस हजार घातलेत, एवढंच. डिजिटल महाराष्ट्र म्हणजे काय असं मला कोणी विचारलं, तर मी त्या जिन्याकडे बोट दाखवीन. आकडे मात्र पोर्टलवर असे झळकतात की सगळ्या बहिणींनी आणि सगळ्या शेतकऱ्यांनी स्वतःच बटण दाबलं. त्या आकड्यांत भाच्याचा रकाना नाही. त्याला मानधन नाही, विमा नाही, रविवारची सुट्टी तर नाहीच.

सध्या माझ्यापुढे वेगळंच संकट आहे. भाच्याला पुण्यात नोकरी लागली आणि नव्या कंपनीत कामाच्या वेळेत फोन बाहेर जमा करावा लागतो. म्हणजे माझी सगळी ॲप एका दिवसात बंद पडणार. बहिणीला धाकटा मुलगा आहे, आठवीत. अंगठा थोरल्यापेक्षा चपळ, पण व्यवहाराला पक्का. बोलणी रविवारी झाली. थोरला फुकट करायचा हे त्याला मान्यच नाही. गाडीच्या चौकशीला वडापाव, सरकारी फॉर्मला वेगळा दर आणि ओटीपीच्या कामाला दुप्पट, कारण मला बटणं शोधायला वेळ लागतो असं त्याचं म्हणणं. शेवटी महिन्याला एका रिचार्जवर सौदा पटला. रिचार्ज त्याचा तोच मारणार आहे. मला कुठे येतो?