बुडाला टिचकी

डेक्कन क्वीन १९३० पासून पुणेकरांना मुंबईला नेते आहे. पण चिनी मातीची भांडी बघायला निघालेले चौदा ज्येष्ठ नागरिक तिनेही क्वचितच वाहिले असतील. सव्वासातला गाडी हलली, साडेसातला डबे उघडले. एका काकूंच्या भाचीची मैत्रीण जहांगीर आर्ट गॅलरीत आपलं काम मांडून होती आणि स्वतः हिंडवून दाखवणार होती. "बरण्या घरी काय थोड्या आहेत?" असं म्हणत काकू सगळ्यांच्या पुढे होत्या.

काळ्या घोड्याजवळच्या, १९५२ साली उघडलेल्या त्या गॅलरीत शिरताच पहिली चौकशी स्वच्छतागृहाची झाली. कलेचा नंबर दुसरा.

आत पोट सुटलेली, मान मुरडलेली, मुद्दाम भोकं पाडलेली भांडी. "यात ठेवायचं काय?" "काहीच नाही." मंडळी गप्प झाली. रिकाम्या भांड्याला फडताळात जागा देणं पुणेकराच्या रक्तात नाही.

कलाकार मात्र गोड बाई. म्हणाली, भांड्याच्या दोन भाजण्या होतात. 'भाजणी' म्हटल्याबरोबर सहा जणींना थालीपीठ आठवलं. पहिली हजार अंशांच्या आसपास, तिला बिस्किट म्हणतात. चौदाही माना चहाच्या आशेने वळल्या. मग झिलई देऊन दुसरी, बाराशेच्या वर. सुकताना आणि भाजताना मिळून माती दहा-बारा टक्के आकसते.

"म्हणजे बिल्ट-अप आणि कार्पेट!" निवृत्त बँक मॅनेजरांना कला समजली.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी कुंभारकाम सुरू केलं, तिथल्या भांड्यांवर अजिंठ्याची नक्षी चढायची, हेही तिने सांगितलं. पण तोवर काकू एका निळ्या घटापाशी अडकल्या होत्या. शेजारच्या पाटीवर लाल टिकली. "हिला कुंकू कोणी लावलं?" विकलं गेलंय, असा खुलासा झाला. पुढच्या मातकट घटाला टिकली नव्हती. काकूंनी डावा हात आत घालून तो तोलला आणि माठ घेताना मारतात तशी उजव्या हाताने टिचकी मारली.

रखवालदार धावला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बद्द वाजतोय."

कलाकाराने घट उचलून स्वतः टिचकी मारली. पुन्हा मारली. मग खिडकीपाशी नेऊन तो उलटा धरला. बुडाशी केसाएवढी चीर होती. उद्घाटनापासून येणाऱ्या जाणकारांनी घटाभोवती नुसत्या प्रदक्षिणा घातल्या होत्या. वाजवून कोणीच बघितलं नव्हतं. आम्हीही भट्टीतून काढल्यावर असंच वाजवतो, हा गडबडीत राहिला, असं म्हणून ती मनापासून हसली. चिरलेला घट ती काही केल्या विकेना. काकू फुकट घेईनात. शेवटी काकूंच्या डब्यातल्या उरलेल्या भाजणीच्या वड्यांवर सौदा पटला.

पाच दहाच्या परतीच्या गाडीत घट वर्तमानपत्रात गुंडाळून काकूंच्या मांडीवर होता. समोरच्या प्रवाशाने विचारलं, "यात काय ठेवणार?"

"पाणी राहणार नाही," काकू म्हणाल्या, "सुपारी राहील."