बंडूकाकांचा सिलिंडर

आमच्या सोसायटीत ‘सिलिंडर आला का?’ असं कुणी कुणाला विचारलं, तर ऐकणारा मानसुद्धा वर करत नाही. पण २०१९ च्या श्रावणात हाच प्रश्न मला दिवसातून पाच-सहा वेळा विचारला जायचा आणि दर वेळी आजूबाजूच्या गॅलऱ्यांतले कान टवकारायचे. कारण माझा सिलिंडर इंग्लंडहून यायचा होता.

आईनं पहिल्याच दिवशी शंका काढली, “इंग्लंडहून? का रे, इथली सबसिडी बंद झाली?”

मी तिला सांगितलं, की हा गॅसचा नव्हे, गाडीच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर. वीतभर लांबीचा, लोखंडी. आईनं हातातली वात वळून पूर्ण केली आणि म्हणाली, “वीतभर वस्तू सातासमुद्रापलीकडून? आपल्याकडे काय लोखंड संपलं?”

गाडी म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची मॉरिस मायनर. मूळची इंग्रज, पण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हिंदुस्तान मोटर्सनं ती आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्तान’ या नावानं विकली, त्यातली ही एक. अलेक इसिगोनिस नावाच्या अभियंत्याची ही निर्मिती. नमुन्याची गाडी तयार झाल्यावर ती त्याला अंगानं किरकोळ वाटली. म्हणून त्यानं ती मधोमध कापली, दोन्ही अर्ध्या बाजूला सरकवून पाहिल्या आणि रुंदी चार इंचांनी वाढवली. बॉनेटच्या मधोमध जो सपाट पट्टा आहे, तो त्या चार इंचांचा. कंपनीचे सर्वेसर्वा लॉर्ड नफिल्ड यांना मात्र ती आवडली नाही. ते तिला पोच्ड अंडं म्हणाले. आमच्या घरात श्रावणात अंड्याचं नाव काढत नाहीत, म्हणून आम्ही तिला ‘बेबी’ म्हणतो.

बेबीला वळायचं असलं, की दरवाज्यामागच्या खांबातून एक नारिंगी हात बाहेर येतो. तो दिसला, की मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायचा थांबतो. पुण्यात एवढा मान फार थोड्या वाहनांना मिळतो.

तर जुलैतल्या एका सकाळी तिचा ब्रेक दाबला आणि पेडल विनातक्रार खाली जाऊन जमिनीला टेकलं. गाडी अर्थातच थांबली नाही. ती पुढे जाऊन अंगणातल्या प्राजक्ताला टेकली. वेग बेताचा असल्यामुळे बंपर आणि प्राजक्त दोघंही वाचले. बॉनेटवर तेवढी पसाभर फुलं पडली.

मिस्त्री आले, गाडीखाली शिरले आणि तिथूनच खोल आवाजात म्हणाले, “साहेब, मास्टर गेला.”

वरच्या खिडकीतून तात्या वाकले. तात्या इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी हळहळत विचारलं, “अरेरे! कुठल्या शाळेतले?”

मिस्त्रींनी नाना पेठ पालथी घातली. हुबेहूब म्हणून जी रबरं मिळाली, त्यांनी पंधरा दिवसांत राम म्हटला, कारण नळीच आतून गंजानं खाल्ली होती. शेवटी न्यू जर्सीतल्या पुतण्यानं व्हिडिओ कॉलवर मला इंग्लंडमधलं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं एक दुकान दाखवलं. तिथे सगळं होतं. ज्या देशानं ही गाडी बनवायची १९७१-७२ च्या सुमारास कायमची बंद केली, त्या देशात तिचा काचेच्या कडेचा रबरी पट्टासुद्धा नवा मिळतो. पुतण्यानंच माझं खातं उघडून दिलं. मी सिलिंडर, जास्तीच्या रबरी चकत्या आणि त्या नारिंगी हातातला इवलासा बल्ब मागवला. पूर्वी परदेशातल्या नातेवाइकाला ‘येताना घेऊन ये’ म्हणून सांगायचे. पुतण्या डिसेंबरात येणारच होता. पण मी म्हटलं, कशाला कुणाचे उपकार घ्या?

खोकं इंग्लंडहून निघालं, जर्मनीत एक रात्र राहिलं आणि तिसऱ्या दिवशी मुंबईत उतरलं. मी मिस्त्रींना शुक्रवारची वेळ दिली. मुंबई ते पुणे दीडशे किलोमीटर. चालत निघालं तरी आठवड्यात पोचेल, असा माझा हिशेब. त्या दीडशे किलोमीटरला एक्केचाळीस दिवस लागले.

फोनच्या पडद्यावर रोज सकाळी एकच ओळ दिसायची : ‘कस्टम्स क्लिअरन्ससाठी थांबवले आहे.’ मला तर त्यात दुकानदाराचा प्रामाणिकपणा दिसू लागला. थांबवणं हे ज्या वस्तूचं काम, ती वस्तू अस्सल असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

पाचव्या दिवशी फोन आला. “मिस्टर काका बोलताय का?”

“कोण काका?”

“बंडू काका. फर्स्ट नेम बंडू, लास्ट नेम काका.”

माझ्या डोळ्यांपुढे न्यू जर्सीचा तो व्हिडिओ कॉल उभा राहिला. पुतण्याच्या फोनमध्ये माझं जे नाव होतं, ते त्यानं मायेनं दोन रकान्यांत वाटून टाकलं होतं. माझं आधार कार्डावरचं नाव चांगलं तीन मजली आहे. त्याच्या एकाही मजल्यावर बंडू राहत नाही आणि काका तर नाहीच नाही.

कुरिअरच्या कचेरीतली ती मुलगी फार गोड बोलायची. “सर, पार्सल काकांचं आहे ना, मग केवायसी काकांचंच लागेल.”

“अहो, मीच काका.”

“हो सर. पण तसं कशावर आहे का?”

काका असल्याचा दाखला कुठे मिळतो? जन्माचा मिळतो, जातीचा मिळतो, उत्पन्नाचा मिळतो. नात्यागोत्यांवर चालणाऱ्या या देशात काकाला कागद नाही, हे मला साठीला आल्यावर कळलं.

मग नोटरी. कोर्टाबाहेरच्या झाडाखाली, शंभरच्या मुद्रांकावर. नोटरींनी मजकूर वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “काका आडनाव? पारशी का?”

“नाही. ते नातं आहे.”

“मग बंडू?”

“तेही नातंच म्हणायचं.”

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. ‘बंडू काका आणि मी ही एकच व्यक्ती आहे’ असं मी शपथेवर लिहून दिलं. तिथे सही करताना आयुष्यात पहिल्यांदाच माझा हात थरथरला. कारण खरं सांगायचं, तर पुतण्याला क्रिकेटची बॅट आणून देणारा बंडूकाका आणि पुतण्याला कस्टम्सवरून शिव्या घालणारा मी, ही एकच व्यक्ती आहे याची मलाही खात्री उरली नव्हती.

हा कागद पोचतो न पोचतो, तोच पहिली क्वेरी आली. क्वेरी ‘रेज’ होते. ताप चढावा तशी ती चढते. प्रश्न होता : ‘सिलिंडर भरलेला आहे की रिकामा? प्रेशराइज्ड आहे का?’

मी कळवलं, “रिकामा आहे. प्रेशर सध्या माझ्यावर आहे.” मुलगी म्हणाली, “सर, दुसरं वाक्य काढून टाकते हं.”

दुसरी क्वेरी : ‘भाग नवा आहे की जुना?’ मी लिहिलं, “जुन्या गाडीचा नवा.” त्यावर तिसरी क्वेरी आली : ‘नक्की काय?’ मग मी कॅटलॉगाचं पान पाठवलं, गाडीचा फोटो पाठवला. फोटोत मागच्या सीटवर आई वाती वळताना दिसत होती. त्याबद्दल क्वेरी आली नाही, हे नशीब.

त्यातून वर्गीकरण. मला वाटायचं, गाडीचा भाग म्हणजे गाडीचा भाग. पण जकातीच्या पोथीत तसं नाही. तिथे जगातल्या यच्चयावत वस्तूंना नंबर आहेत. सिलिंडर गाडीच्या भागांत, म्हणजे ८७०८ मध्ये. पण त्याच्या पोटात बसणारी रबरी चकती सुटी आली, तर ती रबराच्या वस्तूंत, ४०१६ मध्ये. आणि बल्ब दिव्यांच्या घरात, ८५३९ मध्ये. गाडीत बसेपर्यंत ती मंडळी एकमेकांना ओळखत नाहीत. लग्नात एकाच मांडवात वरपक्ष, वधूपक्ष आणि आचारी असावेत, तसं माझं खोकं.

मग कर. शंभर रुपयांच्या सुट्या भागावर आधी पंधरा टक्के मूळ सीमाशुल्क. त्या पंधरांवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे दीड रुपया. झाले एकशे साडेसोळा. आता या साडेसोळा रुपयांसकट सगळ्यावर तेव्हाचा अठ्ठावीस टक्के जीएसटी. म्हणजे करावरही कर. शंभरावर एकूण एकोणपन्नास रुपये बारा पैसे. त्यातले बारा पैसे मला फार आवडले. पैसे व्यवहारातून गेले, पण कायद्यानं त्यांना विसरलेलं नाही.

आणि हे शंभरसुद्धा नुसत्या वस्तूचे नव्हेत, तिच्या प्रवासखर्चासकट आणि विम्यासकट. मी विमा उतरवलाच नव्हता. पण विम्याचा आकडा ठाऊक नसला, तर किमतीच्या १.१२५ टक्के धरावा, असा नियम आहे. म्हणजे न उतरवलेल्या विम्यावर मी कर भरला. उलट विमानाचं भाडं कितीही झालं, तरी हिशेबात वस्तूच्या किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त धरत नाहीत. मी भाडं बरंच जास्त मोजलं होतं, तिथे सरकारनं हात आखडता घेतला. एका हातानं चिमटा, दुसऱ्या हातानं फुंकर. सहा हजारांच्या मालावर साधारण साडेतीन हजार बसले.

मी हे आकडे तात्यांना चिडून सांगितले. ते प्रसन्न झाले. “अरे, १६७१ साली महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहिलं होतं. बारदेशातलं पोर्तुगीजांचं मीठ स्वस्त पडायला लागलं आणि आपल्या कोकणातलं मीठ मार खायला लागलं. महाराज म्हणाले, त्यावर जबर जकात बसवा. तुझा सिलिंडर काय मिठाहून मोठा?”

“तात्या, मिठाला कोकणात मिठागरं होती. माझ्या सिलिंडरचं आगर कुठल्या तालुक्यात आहे?”

तात्यांनी क्षणभर विचार केला. “निघेल. जकात टिकली, तर निघेल.”

महाराजांच्या पत्रापुढे मी काय बोलणार? ज्या मुंबईत माझं खोकं अडकलं होतं, तिथे मांडवी नावाचा एक सबंध भाग आहे, आणि मांडवी म्हणजेच मुळात जकात घ्यायची जागा. माल अडवणं हा त्या शहराचा पिढीजात व्यवसाय. त्यात माझ्या वीतभर लोखंडानं का रुसावं?

तोवर डेमरेज सुरू झालं. म्हणजे गोदामात जागा अडवल्याचं भाडं. मी हिशेब केला. खोक्याच्या आकाराच्या मानानं ते भाडं आमच्या पेठेतल्या दोन खोल्यांपेक्षा जास्त पडत होतं. आणि त्या खोक्याला नळाचं पाणीही नव्हतं.

शेवटी मीच मुंबई गाठली. पहाटेच्या बसनं निघालो, विमानतळाजवळच्या त्या गोदामात तीन टेबलं ओलांडली आणि चौथ्या टेबलापाशी पोचलो. तिथले अधिकारी चहा पीत होते. माझ्या मनात एक्केचाळीस दिवसांचं भाषण पाठ होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, “तुम्ही कोण?”

“बंडू काका,” मी म्हणालो. प्रतिज्ञापत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांचा चेहरा उजळला. “अहो, होतात कुठे? बाकी सगळं कधीच झालंय. हा कागद काही आमच्यापर्यंत आला नाही. आम्ही काकांची वाट बघत होतो!”

एक्केचाळीस दिवस मी त्यांची वाट बघत होतो आणि ते माझी. भाषण गिळलं. त्यांनी कागद पाहिला, चलन भरून घेतलं, खोकं उघडून सिलिंडर हातात तोलला. “एवढ्याशानं गाडी थांबते?” असं कौतुकानं विचारलं आणि सही केली. सगळ्याला अर्धा तास लागला. उरलेले एक्केचाळीस दिवस ते माझ्या आडनावाला लागले होते.

मिस्त्रींना मात्र सिलिंडर बसवायला दीड दिवस लागला. बेबीचा मास्टर सिलिंडर चालवणाऱ्याच्या पायाखाली, चासीच्या कुशीत असतो आणि त्याचे बोल्ट काढू म्हटलं, तर टॉर्शन बार आडवा येतो. मिस्त्री गाडीखालून म्हणाले, “साहेब, गोऱ्यानं हे कस्टम्समध्ये नोकरी करून मग बनवलंय.”

अखेर अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी तयारी झाली. मी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. दोन महिने उभी राहून बॅटरीनं मान टाकली होती. मिस्त्री म्हणाले, “ब्रेकच बघायचाय ना? ढकला.”

तात्या, वॉचमन, मंडळाची चार पोरं, सगळे मागे लागले. आई मागच्या सीटवर बसलेलीच होती. गेले दोन महिने तिची दुपारची बैठक तिथेच असायची. अण्णा असताना ती पुढे बसायची. आता मागे बसते आणि पुढची सीट मोकळी ठेवते. वातींचा डबा मांडीवर होता. “उतरतेस का?” म्हटलं, तर म्हणाली, “कशाला? तुम्ही कुठे पोचणार आहात?”

गाडी हलली. एक हात, दोन हात, पाच हात. “दाबा!” मिस्त्री ओरडले. मी दाबलं.

गाडी थांबली. अशी थांबली, की मागून तात्यांचं नाक काचेला लागलं आणि पोरांनी ‘मोरया’ केला. दोन महिने ती नुसती उभी होती. उभं असणं निराळं आणि थांबणं निराळं, हे माझ्या पायाच्या तळव्याला कळलं. साडेनऊ हजारांहून जास्त रुपये, एक प्रतिज्ञापत्र आणि एक नवं आडनाव एवढं खर्चून मी पाच हात अंतरावर थांबलो होतो, आणि ते मला फार झकास वाटत होतं.

सगळे टाळ्या वाजवत होते. आईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, वर पाहिलं, मागे पाहिलं.

“थांबली ना? झालं तर मग,” ती म्हणाली. “आता होती तिथे मागे न्या. तिथून हात बाहेर काढला, की प्राजक्त हाताला येतो.”