ग्रॉस, टेअर आणि टायगर

मे महिन्यातल्या एका दुपारी भाई गोव्यातल्या डिचोलीच्या रस्त्यावर उकिडवे बसले होते आणि हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून आकडे मोजत होते. दोन दुचाक्या थांबल्या. एका रिक्षावाल्याने पाण्याची बाटली पुढे केली.

‘पडूंक ना रे,’ भाई म्हणाले. ‘चार... पाच... हाय!’

सात आकडे होईपर्यंत हात टेकवता आला नाही, तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे तळवे भाजतात, असा हिशेब आहे. हिशेब खरा आहे. पण भाईंचा टायगर त्या वेळी घरात फरशीवर पोट टेकून झोपला होता.

गेली चार वर्षं भाई टायगरला घेऊन पंढरपूरला चालत जाणार आहेत.

‘भाई, आपली पायवारी ज्येष्ठात सुटते. तेव्हा रस्त्यावरून पाण्याचे लोट वाहत असतात. डांबर तापणार कधी?’ मी विचारलं.

‘परतीच्या वाटेचं काय?’

‘परत सगळे गाडीनं येतात.’

‘टायगरला गाडी लागते,’ भाई म्हणाले, आणि फुंकर मारत हात वहीवर टेकवून ‘पाच’ लिहिलं.

भाई मूळचे खाणीवरचे. वजनकाट्यावर कारकून होते. भरलेला ट्रक काट्यावर चढला की ग्रॉस, रिकामा चढला की टेअर, वजा केलं की नेट माल. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मध्ये धुगधुगी आली, 2018 च्या मार्चात पुन्हा थांबल्या. तालुक्यातल्या इतर अनेकांसारखे भाईही ओट्यावर येऊन बसले. काटा गेला, वजाबाकी तेवढी अंगात राहिली. ट्रक नाही म्हटल्यावर ती टायगरवर आली.

दर रविवारी सकाळी भाई टायगरला उचलून न्हाणीघरातल्या काट्यावर उभे राहतात: ग्रॉस. मग त्याला खाली ठेवून एकटे उभे राहतात: टेअर. टायगर नेट अठरा किलो भरतो. कुत्र्याच्या पाठीवर सुरुवातीला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकंच ओझं द्यावं, चांगल्या कमावलेल्या कुत्र्याला फार तर चौथ्या हिश्शापर्यंत. टायगरचा दहावा हिस्सा म्हणजे एक किलो आठशे ग्रॅम. भाईंनी बाजारातल्या शिंप्याकडून दोन्ही बाजूंना लोंबणारी रेग्झिनची खोगीर-पिशवी शिवून घेतली. ती रिकामीच एक किलो सहाशे भरली. उरलेल्या दोनशे ग्रॅमात काय बसवायचं, यावर एक अख्खा पावसाळा गेला. शेवटी पाणी प्यायची ताटली ठरली. टायगर ताटलीतून पीत नाही, बादलीतून पितो, हे कळेपर्यंत वारी फलटणच्या पुढे गेली होती. (माउलींची. आमची डिचोलीची तर पोचलीही होती.)

‘वारीला कुत्रा कशाला?’ असं कोणी विचारलं की भाई नामदेवांकडे जातात. कुत्र्यानं पोळी पळवली, तर नामदेव कोरडी नको म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. मग दत्ताच्या पायाशी असलेले चार. आणि अखेर धर्मराज, जो स्वर्गाच्या दारातही कुत्र्याला सोडून आत जायला तयार झाला नाही.

‘त्या वाटेवर पहिली कोण पडली, ते सांगा ना,’ वहिनी आतून म्हणतात. पहिली द्रौपदी पडली. म्हणून वहिनी येणार नाहीत.

खरी अडचण पाठीची नाही, पोटाची. वारीत वाटभर शिवराक, म्हणजे शाकाहार. टायगर जन्मला तो बांगड्याच्या डोक्यांवर. भाईंनी त्याला पेज, भात, नाचणीची भाकरी अशी सवय लावायला घेतली. टायगरनं तक्रार केली नाही, तेव्हाच मला संशय आला. भाईंच्या ओट्यावर तो शिवराक असतो. पेज संपवून, तोंड पुसल्यासारखं करून, चार घरं पलीकडे जातो. तिथली बाई मासळी साफ करायला परसात बसते. शिवाय सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्यासरशी अर्धा पाव ठरलेला. घाटावर पोदेर कोण आणणार, हा मुद्दा वहीत ‘प्रलंबित’ या सदरात आहे.

वाटेचाही वाद आहे. भाईंचे मेहुणे पेडण्याचे. त्यांच्या मते पत्रादेवीवरून बांदा आणि पुढे आंबोलीचा घाट, दुसरी वाट माणसाची नव्हे. भाईंना दोडामार्गावरून तिलारी हवी. चोर्ल्याचं नाव दोघंही काढत नाहीत, कारण तिकडच्या रानात बिबटे आहेत आणि बिबट्याला कुत्रा म्हणजे चालून आलेला नैवेद्य. वाद मिटवायला भाई टायगरला घेऊन पेडण्याला गेले. चालत नव्हे, मेहुण्यांच्या गाडीतून. टायगरला खरोखरच गाडी लागली. मग भगवतीच्या देवळासमोरच्या दोन दगडी हत्तींवर तो असा भुंकत सुटला की दर्शन राहिलं आणि वाटेचा विषयही.

औषधांचा डबा मात्र पाहण्यासारखा आहे, आणि इथे मी भाईंना हसत नाही. रेबीजच्या लशीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेला. गोचिडी काढायचा चिमटा, कारण सत्तरीत आणि दोडामार्गात काजूच्या बागांत जाणाऱ्यांना माकडताप झाला तो गोचिडी चावूनच. पायाला बांधायला मऊ फडकी. हा डबा गेल्या चार वर्षांत वाड्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना आणि दोन माणसांना उपयोगी पडला आहे.

यंदा दिंडी निघाली त्या पहाटे पिशवीची चेन अडकली. भाई मेणबत्ती घासत बसले. टाळ वाड्यावरून पुढे गेले, मृदंग ऐकू येईनासा झाला, आणि चेन सरकली तेव्हा टायगर जागेवर नव्हता.

दुपारी दिंडीतून फोन आला. टायगर दोडामार्गला पोचला होता.

मी भाईंना स्कूटरवर मागे बसवून नेलं. मांडीवर पिशवी, पिशवीत ताटली. टायगर एका देवळाच्या ओसरीवर वीणेकऱ्याच्या पायांपाशी आडवा झाला होता. अंगभर चिखल, गळ्यात कुणीतरी घातलेली तुळशीची माळ. भाईंनी त्याचे चारही तळवे उलटून पाहिले. एक ओरखडा नव्हता.

‘खाल्लं काय यानं?’

‘पिठलं-भाकरी,’ वीणेकरी म्हणाले. ‘आमच्यासारखंच.’

‘किती?’

वीणेकऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी देवळाच्या कळसाकडे.

‘तुम्हीही चला ना, भाई,’ ते म्हणाले. ‘आता इतके आलाच आहात. कुत्र्याला सवय झाली आहे.’

भाईंनी जरा विचार केला. खरंच केला; मी शपथेवर सांगतो. मग वही काढली, शेवटच्या रविवारचं पान उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

‘गेल्या रविवारी ग्रॉस तेवढाच होता,’ ते म्हणाले, ‘पण टायगर बारीक दिसतो. म्हणजे तो हलका झाला की मी जड झालो, ते आधी नक्की व्हायला हवं. कार्तिकीला बघू.’

टायगर परतीच्या वाटेवर स्कूटरच्या पुढे धावत होता.