परसातल्या भाजीची विल्हेवाट : श्रावण-भाद्रपदासाठी सूचना

कोकणातल्या परसबागेचा हंगाम दोन टप्प्यांचा असतो. पहिल्यात वेलाला काही धरत नाही म्हणून घर काळजीत असते, दुसऱ्यात धरायचे थांबत नाही म्हणून. खालील सूचना दुसऱ्या टप्प्यासाठी आहेत.

१. काढणी : भेंडी एक दिवसाआड तरी काढावी. टोक मोडून पाहावे. टक्‌कन मोडले तर भेंडी कोवळी; नुसतेच वाकले तर ती बियाण्यासाठी राखली होती, असे घरात सांगावे. दोडका पानाआड दडतो आणि हाताएवढा लांब झाल्यावरच नजरेस पडतो. म्हणून मांडवाखाली उभे राहून वर पाहण्याची सवय ठेवावी. जून घोसाळे वेलावरच वाळू द्यावे. साल सोलून बिया झटकल्या की ते अंग घासायला चालते आणि दुर्लक्षालाही दूरदृष्टी म्हणता येते.

२. चाखणी : दोडका, दुधी, काकडी यांची फोड शिजवण्याआधी जिभेला लावावी. कडू निघाल्यास फळ टाकून द्यावे. त्यातली कुकर्बिटासिन ही द्रव्ये शिजवल्याने जात नाहीत आणि पोट बिघडवतात. ‘घरचे आहे’ ही सबब पोटापुढे चालत नाही.

३. घरातला खप : पहिल्या दिवशी दोडक्याची भाजी, दुसऱ्या दिवशी तीच मुगाची डाळ घालून, तिसऱ्या दिवशी शिरांची तीळ-खोबरे लावून चटणी करावी. चौथ्या दिवशी मुले ताटावरून उठतात. मोठे तवसे किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून धोंडस करावे. गोड पदार्थाची चौकशी कोणी करत नाही. तांबड्या भोपळ्याची घाई नको. देठ वाळला आणि सालीत नख रुतेनासे झाले की तो काही महिने टिकतो.

४. ऋषिपंचमी : भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या कष्टाचे खात नाहीत. अळू, माठ, पडवळ, दोडका, भेंडी, भोपळा, मक्याची कणसे असे परसातले सगळे त्या दिवशी एका पातेल्यात जाते. अळवाची खाज मारायला चिंच घालावी. वर्षातल्या या एकाच दिवशी उरलेसुरले संपवण्याचे पुण्य लागते. पातेले मोठे घ्यावे.

५. वाटप : पहिल्या खेपेला शेजारी कौतुक करतात, दुसऱ्या खेपेला ‘कशाला उगाच’ म्हणतात. तिसऱ्या खेपेला शेजारीण आपली पडवळे घेऊन दारातच उभी असते. भाजी वर्तमानपत्रात गुंडाळूनच द्यावी. भांडे दिल्यास रिकामे परत करायचे नाही म्हणून ते भरून येते, बहुधा दोडक्यांनीच. गणपतीला आलेले चाकरमानी हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. पिशवीत तळाशी भोपळा, मध्ये दोडकी आणि वर खाजे ठेवावे. तळाची माहिती गाडी सुटल्यावर द्यावी.

६. बियाणे : पुढच्या वर्षासाठी बिया वाळवून राखेत ठेवाव्यात. किती वेल लावायचे हे मे महिन्यात, भाजी विकत आणावी लागत असताना ठरते. त्यामुळे त्यांची संख्या कधीच कमी होत नाही.