एकट्याचा कोरस

घरी रेकॉर्डिंग करणारा माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या घरचे पंखे बघावेत. भर मे महिन्यातही बंद असतात. मुक्काम बहुधा डोंबिवली, वय पन्नाशीकडे झुकलेलं, पोट बँकेच्या नोकरीवर आणि जीव कपड्यांच्या कपाटात. तिथेच त्याचा स्टुडिओ. दोन्ही दारं सताड उघडी, मागे बायकोच्या साड्या, डोक्यावरून गोधडी, समोर स्टँडवर माईक. साड्या-गोधड्यांनी खोलीतला घुमारा मरतो हे त्याने कुठेतरी वाचलंय, आणि ते खरंही आहे. बाहेरचा आवाज मात्र गोधडी अडवत नाही, हे त्याला मध्य रेल्वेने शिकवलं. म्हणून त्याची गायची वेळ शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली यायच्या आत. त्या प्रहराला शास्त्राने कोणता राग नेमून दिलाय, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

नुसते गाणारे गल्लोगल्ली आहेत. हा थर लावतो. मुख्य आवाज त्याचा. त्याच्या जोडीला तीच ओळ पुन्हा गाऊन घेतलेला आवाज त्याचाच. मग डावीकडे एक, उजवीकडे एक, खालच्या सप्तकात एक, वर एक. सगळीकडे हाच. सोसायटीच्या गणपतीत मात्र आरतीला त्याला झांजा देऊन मागे उभं करतात.

आपल्या घराण्याचा इतिहास त्याला मुखोद्गत असतो. 1951 साली लेस पॉलने मेरी फोर्डच्या एकट्या गळ्याचे कसे अनेक गळे केले, तिथून तो सुरुवात करतो. 1975च्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’वर आला की डोळे मिटतात. तीन गळे, 24 ट्रॅकची टेप, आणि थरांवर थर चढवताना टेप इतकी झिजली की आरपार दिसायला लागलं! “आणि ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी शाळेत कुठे होता? पाचगणीला!” हे तो अशा थाटात सांगतो, की पाचगणीचं वारं थेट डोंबिवली पूर्वेला लागतं. ‘ही सगळी साहेबाची थेरं’ असं कुणी म्हणालंच, तर उत्तर तयार. 1967च्या ‘बहारों के सपने’मध्ये राहुलदेव बर्मननी लताबाईंच्या आवाजावर लताबाईंचाच आवाज घेतला, वीस वर्षांनी ‘इजाजत’मध्ये आशाबाईंवर आशाबाई. एक बारीकसा मुद्दा तो गाळतो. दोन्ही वेळेला वरच्या थरात मंगेशकर होत्या आणि खालच्या थरातही मंगेशकरच होत्या.

खरी मौज हार्मनी लावताना. कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की मूळ सुराला धरून वरचा तिसरा सूर गायचा, की झालं. सा असेल तर ग. सोपं आहे. एकदा त्याने भूपातलं भावगीत घेतलं आणि रविवारी सकाळी हौसेने स्पीकरवर लावलं. सासूबाई जुन्या विशारद, त्या शेंगा सोलत बसलेल्या.

“जावईबापू, भूपात मध्यम कुठून आला?”

“आई, तो फक्त डाव्या बाजूला आहे. अगदी हळू आहे.”

“हळू आला म्हणून चोराला पाहुणा म्हणायचं का?”

बाईंचं म्हणणं रास्त होतं. भूपात मध्यमही नाही आणि निषादही नाही. रेवर तिसरा सूर घ्यायला गेलं की मध्यम हाती लागतो, पवर गेलं की निषाद. गोव्यात मांडो म्हणणाऱ्या घरांत दुसरा आवाज कसा धरायचा हे कानावरच पडत असतं. आपलं गाणं पडलं एका सुराच्या मागे जाणारं, त्यामुळे आपल्याला ते उसनं आणावं लागतं आणि उसन्याचा हिशेब चुकतो. सासूबाईंनीच मग पेटी काढून रेवर पंचम आणि पवर वरचा षड्ज धरून दाखवला. गाणं उजळलं. श्रेय अर्थात सॉफ्टवेअरला गेलं.

त्याच गाण्यात ‘सखे’ होतं. सहा आवाज एकाच क्षणी ‘स’वर येत नाहीत, केसभर पुढेमागे येतात, आणि ऐकणाऱ्याला ‘स्सस्सखे’ ऐकू येतं. यावर जाणत्यांचा उपाय असा, की ‘स’ मुख्य आवाजाने म्हणायचा, बाजूच्या आवाजांनी तो गिळायचा. त्यामुळे रात्री दोन वाजता हा कपाटात ‘अखे, अखे’ असं आळवत होता. सकाळी शेजारच्या काकूंनी बायकोला दारात गाठून हळूच विचारलं, “भाऊजींना झटका-बिटका तर नाही ना आला?”

एका बाबतीत मात्र त्याला मानलं पाहिजे. तो आवाजाची नक्कल करून चिकटवत नाही. एकच आवाज कॉपी करून डावी-उजवीकडे ठेवला तर कोरस होत नाही, तोच आवाज नुसता मोठा होतो. म्हणून हा प्रत्येक थर नव्याने गातो. दर खेपेला सूर जरा इकडेतिकडे होतो, आणि मुख्य आवाजात जो दोष, तोच मागच्या रांगेत भराव म्हणून चालतो. तरी त्याचा कोरस किरटा का लागतो? कारण सहाही जणांचं नाक एकच. आरतीला चाळीस माणसं चाळीस गळे घेऊन येतात, म्हणून ती बेसूर असली तरी भरगच्च वाटते. त्याच्या बायकोचा गळा गोड आहे, हे इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. त्याचं म्हणणं, “तुझा आवाज मिक्समध्ये बसत नाही गं.”

मिक्सिंग त्याचं कधी संपत नाही. मुख्य आवाज दबला म्हणून तो वाढवायचा, मग कोरस दबला म्हणून कोरस वाढवायचा, शेवटी सगळे दिवे लाल. यांतला कुठलाही आवाज कमीही करता येतो हे त्याच्या ध्यानात येत नाही. सगळे त्याचेच, कमी कुणाला करणार?

तर त्याचं गाणं तुमच्या व्हॉट्सॲपवर येणारच आहे. आलं की नुसता अंगठा दाखवू नका आणि मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर ऐकू नका; तिथे त्याची डावी-उजवी बाजू एक होऊन महिनाभराची मेहनत पाण्यात जाते. हेडफोन लावा. ‘दुसऱ्या कडव्यात डावीकडचा खालचा आवाज आवडला’ एवढंच लिहा. मात्र बेताने. कारण पुढच्या गाण्याच्या सगळ्या आवृत्त्या आधी तुम्हालाच येतील.