मुलांच्या दृष्टीने

आमच्या भाऊजींना "काय, ठरलं का मग?" असं कधी विचारू नये. नवखा माणूस विचारतो आणि त्याचा रविवार जातो. भाऊजी चहा सांगतात, लॅपटॉप उघडतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि सुरू होतात, "हे बघ, माझं म्हणशील तर मी कुठेही राहीन. पण मुलांच्या दृष्टीने बघितलं तर..."

मुलांच्या दृष्टीने बघायला त्यांनी सुरुवात केली तेव्हा थोरली बालवर्गात होती. आता ती बारावीत आहे आणि धाकटा आठवीत. परदेशी जायचं हे भाऊजींचं केव्हाच ठरलंय. कुठे, एवढंच राहिलंय.

या रोगाचं मूळ दिल्लीच्या नर्सरी प्रवेशात आहे, असं माझं मत आहे. ज्यांनी तो केला नाही त्यांना कळायचं नाही. तीन वर्षांच्या पोराला शंभरपैकी गुण देतात, आणि तेही पोराच्या हुशारीचे नव्हेत. घर शाळेपासून किती लांब, मोठं भावंड त्याच शाळेत आहे का, आईबाप तिथले माजी विद्यार्थी आहेत का, याचे. भाऊजींनी तेव्हा स्कूटरच्या काट्यावर अंतरं मोजून, शाळेजवळ म्हणून द्वारकेत भाड्याचं घर घेतलं आणि प्रवेश मिळवला. गुण मोजून माणसाचं नशीब काढता येतं, हे त्या दिवशी त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे 2015 साली कॅनडाने एक्स्प्रेस एंट्री काढली. बाराशेपैकी गुण! शंभरात तरबेज झालेल्या माणसाला बाराशेचं मैदान मिळालं.

त्यांच्या एक्सेलच्या फाइलचं नाव 'सेटलमेंट फायनल'. तिच्या खाली 'फायनल नवी' आहे, तिच्या खाली 'फायनल हीच'. उभ्या ओळीत शहरं आणि आडवे रकाने. शाळा, घरभाडं, थंडी, हवा, फॅमिली डॉक्टर किती दिवसांनी भेटतो, मराठी मंडळ आहे का, आणि एक रकाना ताईच्या सासूबाईंच्या आग्रहाने घातलेला: 'गणपती पाण्यात कुठे सोडायचा'. या शेवटच्या रकान्यात हॅलिफॅक्सला पैकीच्या पैकी आहेत, समुद्र दाराशी म्हणून. ऐन भाद्रपदात तिथलं पाणी किती गार असतं हे सासूबाईंना सांगितलेलं नाही.

कुठल्याही शहराचं नाव घ्या, भाऊजी तिथलेच. मेलबर्नमध्ये सरकारी शाळेला हद्द असते, रस्त्याच्या या बाजूला घर घेतलं तर प्रवेश आणि त्या बाजूला घेतलं तर नाही, हे ते गल्लीचं नाव घेऊन सांगतात. ब्रॅम्प्टन नको, "तिथे जायचं तर टिळक नगर काय वाईट?" व्हँकुव्हर छान, पण घरांच्या किमती ऐकून झोप उडते. विनिपेगचं नाव काढलं की नुसते हात चोळतात. हे सगळं बोलताना स्वतःच्या सोसायटीतल्या वरच्या मजल्यावर कोण राहतं ते मात्र त्यांना ताईला विचारावं लागतं.

मधे कॅलगरी अगदी नक्की झालं होतं. उन्हाचं शहर, प्रांताचा विक्रीकर नाही, डोंगर जवळ आणि हवा म्हणजे अमृत. ताईने लोकरीच्या मोज्यांची चौकशीही केली होती. तेवढ्यात 2023 च्या मे महिन्यात अल्बर्टातली जंगलं पेटली आणि कॅलगरीवर धुराचं नारिंगी आभाळ आलं. तिथे हवेच्या धोक्याचा आकडा एक ते दहा असा मोजतात. तो दहाच्याही वर गेला. भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. "आपल्याकडून धूर खाऊन जायचं आणि तिकडे जाऊन परत धूरच?" असं ते इतक्या पोटतिडकीने म्हणत होते, की जंगलं यांच्यावर नेम धरूनच पेटली असावीत असं वाटावं.

त्यांच्या परदेशी जाण्याला ऋतू आहे. दिवाळी झाली, हवेचा आकडा चारशेच्या वर गेला, शाळा बंद होऊन वर्ग ऑनलाइन भरू लागले, की भाऊजींच्या अंगात येतं. शिवाजी स्टेडियम मेट्रो स्टेशनातल्या व्हिसा केंद्राच्या खेपा, जुन्या मार्कलिस्टांच्या साक्षांकित प्रती, एजंटांचे फोन. डिसेंबर असा दणक्यात जातो. जानेवारीत मटार स्वस्त होतो, गाजर हलवा होतो, आणि फेब्रुवारीत लोदी गार्डनच्या उन्हात चटई टाकून बसलं की तेच भाऊजी डोळे मिटून म्हणतात, "तसं बघायला गेलं तर दिल्लीसारखं शहर नाही."

यात वय मात्र ऋतू पाळत नाही. कॅनडाच्या हिशेबात, बायकोसह अर्ज केला तर चाळिशीनंतर दर वाढदिवसाला दहा गुण जातात आणि पंचेचाळिसाव्याला वयाचे गुण शून्य. ऑस्ट्रेलियाही पंचेचाळीसला दार लावून घेतं. त्यामुळे केक कापताना भाऊजींचा चेहरा बघवत नसे. "दहा गेले," एवढंच म्हणायचे. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून तीही परीक्षा शिळी झाली की पुन्हा द्यायची. एकदा त्यांना युक्ती सुचली. ताई लहान, तिचे गुण जास्त, तर मुख्य अर्जदार तिने व्हावं. ताई शाळेत शिकवते. "अहो, माझे सहामाहीचे पेपर तपासायचे पडलेत," म्हणून ती आत गेली. विषय संपला.

सासूबाईंना तर यातलं काहीच कळत नाही. त्यांचे यजमान साताऱ्याहून केंद्र सरकारच्या नोकरीत आले. आधी करोलबागेत एक खोली, मग ज्येष्ठतेप्रमाणे नंबर लागला तेव्हा आर. के. पुरमचं क्वार्टर. "आम्हाला कुणी विचारलंन कुठे राहता म्हणून? कागद आला, ट्रंक उचलली," असं त्या म्हणतात. त्यावर भाऊजी म्हणतात, "आई, तुझ्या वेळी पर्याय नव्हते गं," आणि हे ते असं म्हणतात, की त्यांना आईचा थोडा हेवाच वाटतो की काय, अशी मला शंका आहे.

द्वारका विमानतळाला लागून आहे. रात्री भाऊजी मोबाइलमधलं विमानांचं अॅप उघडून गॅलरीत उभे असतात. "हे एअर कॅनडा. टोरंटो." घरचं माणूस गाडीत बसवून दिल्यासारखा समाधानी चेहरा. गंमत म्हणजे त्यात खरंच कधीकधी त्यांचं माणूस असतं. त्यांचा सल्ला घेऊन सोसायटीतली तीन कुटुंबं आणि ऑफिसातली कितीतरी जणं कुठे कुठे जाऊन राहिलीसुद्धा. एकाला त्यांनी ॲडलेडला पाठवलं, दुसऱ्याला ऑकलंडला. अजून फोन येतात, धाकटीला कुठल्या शाळेत घालू, भाड्याने राहू की घेऊ. भाऊजी पहाटे उठून बोलतात. फुकट. एजंट यांच्यावर जळतात.

थोरलीने परवा जाहीर केलं, की तिला दिल्ली विद्यापीठच हवं, तेही नॉर्थ कॅम्पस. "पापा, मैं येलो लाइन से आगे नहीं जाऊँगी." भाऊजी क्षणभर गप्प झाले आणि मग लॅपटॉप घेऊन बसले. कॉलेज, मेट्रो स्टेशन, चालायचं अंतर.

आणि गेल्या महिन्यात तो ॲडलेडवाला म्हणाला, आईवडील थकलेत, परत यावं म्हणतो. पुणं बघू, बंगळुरू बघू, की दिल्लीच? मुलांच्या दृष्टीने काय बरं? भाऊजींनी त्याच रात्री नवी फाइल उघडली. सकाळी मी गेलो तेव्हा द्वारका साडेआठ गुणांनी पहिली आली होती.

"साडेआठ?" मी म्हटलं. "नोव्हेंबर धरून?"

"हवेचा रकाना हाइड केलाय," भाऊजी म्हणाले. "उगाच त्याचा गोंधळ नको व्हायला."